जामीन कोणत्या पानावर?

पुठ्ठेमास्तरांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने नवं छप्पर घातलं आणि ती पाटी त्याच्याआड गेली, त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना पुठ्ठेमास्तर म्हणते. कुणी चुकून खऱ्या नावाने हाक मारलीच, तर वसुलीवाला आला की काय म्हणून मास्तर टेबलाखाली काहीतरी शोधायला लागतात. वय चोपन्न, धंदा बाइंडिंगचा. पुढच्या खोलीत कागद, मागच्या खोलीत संसार आणि मधल्या दारात खळीचं पातेलं. त्या पातेल्यात महिन्यातून एकदा तरी बायकोचा पाय पडतो आणि मग दोन्ही खोल्यांना तिचं बोलणं ऐकावं लागतं.

बाइंडिंग करणाऱ्या माणसाला सुटा कागद बघवत नाही. हा मास्तरांचा एकट्याचा दोष नव्हे, धंद्याचाच आहे. विजेची बिलं त्यांनी वर्षवार शिवून ठेवली आहेत. बायकोच्या औषधांच्या चिठ्ठ्यांना हिरव्या कापडाची पाठ आणि कोपऱ्यांना चामडं आहे. ‘‘डॉक्टर म्हणाले, बाई, तुमचा आजार काही एवढा जाड नाही हो,’’ असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते.

आणि अशा माणसाच्या टेबलाच्या खालच्या खणात दोन वर्षांची न उघडलेली पाकिटं कोंबलेली होती. उघडायची छातीच होत नव्हती. आत काय आहे ते ठाऊक होतं, आणि जे ठाऊक आहे ते पुन्हा कशाला वाचा, असं मास्तरांचं म्हणणं. मला विचाराल तर ही शुद्ध पळवाट, पण ज्याच्यावर कधी कर्ज झालं नाही त्याने हसू नये.

कर्जं चार होती. एक कटिंग मशीनचं. दुसरं बायकोच्या ऑपरेशनचं. तिसरं क्रेडिट कार्डाचं, कागद आणि कापड उधारीवर भरताना वाढत गेलेलं. आणि चौथं फ्रिजच्या राहिलेल्या हप्त्यांचं, चौघांत लहान, नऊ हजारांचं. ज्यांनी मुळात पैसे दिले ते तगादा लावून थकले आणि त्यांनी ही कर्जं वसुली करणाऱ्या एजन्स्यांना विकून टाकली. कर्ज विकता येतं हे मास्तरांना तोवर माहीतच नव्हतं. ‘‘म्हणजे आपल्या कर्जाला बाजारात काहीतरी किंमत आहे म्हणायची,’’ असं ते एकदा बायकोला म्हणाले, तेव्हा तिने त्यांच्याकडे जसं पाहिलं ते सांगण्यासारखं नाही. त्या एजन्स्यांची नावंही अशी, की वाटावं अनाथाश्रमच चालवतात. विश्वास, दिलासा, सोबत, असलंच काहीतरी. कोण कुठली आणि कुणाकडे कुठलं कर्ज गेलं, याचा मास्तरांना काहीच पत्ता नव्हता.

फोन करणारे मात्र त्यांना आवाजावरून कळत. एक गोडबोली होती. ती ‘‘काका, जेवण झालं का?’’ इथून सुरुवात करून कार्डाच्या थकबाकीवर यायची. दुसरा दमवाला, तो मशीनच्या पैशांबद्दल बोलायचा आणि बोलताना टेबलावर काहीतरी आपटायचा. तिसरा खोकणारा. हा फ्रिजच्या हप्त्यांसाठी फोन करायचा आणि निम्मा वेळ खोकण्यातच जायचा, मग मास्तरच त्याला कोमट पाणी प्यायला सांगायचे. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, त्यामुळे ज्याचा फोन शेवटचा, त्याला मास्तर पाचशे पाठवायचे. दुसऱ्या दिवशी दुसरा रडायचा. असे पाचपाचशे करून त्यांनी वर्षभरात किती वाटले देव जाणे, पण कुठलंच कर्ज काही बारीक झाल्यासारखं वाटत नव्हतं.

मग एक दिवस पैसे आले. एका मोठ्या संस्थेची जुनी दप्तरं त्यांनी बांधून दिली होती, त्याचं बिल दीड वर्ष अडकलं होतं. ते सुटलं. चाळीस हजार.

‘‘आता मात्र पाचशे-पाचशेची खिरापत बंद,’’ बायको म्हणाली. ‘‘एकदा ती पाकिटं उघडा, कुणाचं किती ते बघा आणि काय तो निकाल लावा. सगळे कागद एका जागी करा आधी.’’

एका जागी करा, असं तिने म्हणायला नको होतं. दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर त्याने एक फाइल आणली असती. बाइंडरने फाइल विकत आणायची म्हणजे आचाऱ्याने खाणावळीतून डबा मागवण्यासारखं. रविवारी मास्तरांनी खण उपसला. एकेक पाकीट फोडलं, पाकिटं टोपलीत टाकली, कागदांच्या पिना काढल्या, हाडाच्या पट्टीने घड्या मोडल्या. वाचलं काहीच नाही. ग्राहकाचे कागद वाचायचे नाहीत ही पस्तीस वर्षांची सवय. कागद त्यांनी मापाप्रमाणे लावले, शिवले, सरस लावला आणि लहान-मोठ्या कडा एकसारख्या करायला मशीनखाली घालून तीन बाजूंनी छाटल्या. मग निळं रेक्झिन. कण्यावर काय छापावं हा प्रश्न होता, तेव्हा वाचनालयाच्या कामात जे कुठेच बसत नाही त्यावर जे छापतात तेच छापलं, सोनेरी अक्षरात: संकीर्ण.

ग्रंथ वाळला आणि मग मास्तरांना धीर आला. सुटी चिठ्ठी त्यांना चावायला उठायची. हे पुस्तक होतं, पुस्तकाला काय भ्यायचं. चहाचा कप घेऊन ते पहिल्या पानापासून वाचायला बसले. सत्तावन्नाव्या पानावर चहा निवला.

त्या पानावर लिहिलं होतं, की वारंवार कळवूनही आपण थकबाकी भरलेली नाही, तरी येत्या तीस दिवसांत रक्कम न आल्यास आम्ही आपल्या जामीनदाराकडून वसुली सुरू करू आणि त्यासाठी त्यांच्या राहत्या घरी आमचा प्रतिनिधी पाठवू.

जामीनदार म्हणजे ताई. मास्तरांची थोरली बहीण.

इथे थोडं मागे जायला हवं. मशीन घेतलं आणि बायकोचं ऑपरेशन झालं ते एकाच वर्षी, तीन महिन्यांच्या अंतराने. दोन्ही वेळा मास्तर कागद घेऊन ताईकडे गेले होते. एकदा तिने सही केली आणि एकदा जामिनाची गरज लागली नाही, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. कुठल्या वेळी काय झालं, ते आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की ताई बसस्टॉपच्या बाकावर बसली होती, मांडीवरच्या पिशवीचा टेबलासारखा उपयोग करून तिने सही केली आणि म्हणाली, ‘‘बाळ्या, ह्यांना कळता कामा नये हं.’’

हे म्हणजे दाजी. दाजी वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून भाजी घरी आली की आधी काट्यावर चढते, मग टोपलीत जाते. मास्तरांच्या उधार-उसनवारीचा त्यांना मनस्वी तिटकारा. सात वर्षांपूर्वी चार लोकांत ते म्हणाले होते, ‘‘उसन्यावर जगणाऱ्याच्या घरी मी पाणीसुद्धा पिणार नाही,’’ आणि दाजी बोलले म्हणजे ते मोजूनच बोललेले असतं. त्या दिवसापासून ते आले नाहीत, मास्तरही गेले नाहीत. ताई तेवढी अधूनमधून बाजारात गाठायची. अशा माणसाच्या दारात वसुलीवाला उभा राहणार, बायकोच्या सहीचा कागद घेऊन! म्हणजे तीस वर्षं जपलेला ताईचा संसार मास्तरांपायी नासणार.

‘‘अगं, कुठल्या कर्जाचं पत्र हे?’’ त्यांनी बायकोला पुस्तक दाखवलं.

‘‘वर लिहिलं असेल की. नाव, नंबर, तारीख.’’

वर काही नव्हतं. वरच्या कडेला जिथे एजन्सीचं नाव असतं, उजव्या कडेला जिथे खातं क्रमांक आणि तारीख असते, खाली जिथे पत्ता असतो, तिथे मशीनची स्वच्छ, गुळगुळीत धार फिरली होती. काम फार सुंदर झालं होतं. एकही कड वेडीवाकडी नाही.

बायकोने मशीनखाली वाकून पाहिलं. मग म्हणाली, ‘‘ते छाटलेलं कुठाय?’’

कातरणाचं पोतं दर सोमवारी सकाळी रद्दीवाला नेतो. आणि तो सोमवार होता, दुपारचे तीन.

झेरॉक्सवाल्याला सगळ्यातलं सगळं कळतं. त्याने एका फुकट गेलेल्या कॉपीच्या मागे चार चौकोन काढले. ‘‘मास्तर, सोपं आहे. ज्याचं व्याज जास्त, ते आधी. कार्ड आधी फेडा. बाकीचे ओरडू देत.’’ बायकोचं म्हणणं उलट. तिला फ्रिजचे नऊ हजार आधी टाकायचे होते, म्हणजे निदान एक माणूस तरी फोन करायचा थांबेल आणि त्याच्या खोकल्यालाही आराम पडेल. ‘‘घरातला पसारा आवरताना आधी लहान कोपरा धरतो, तसं,’’ ती म्हणाली. मास्तरांना दोघांचंही पटलं. कुणाचंही पटायचा त्यांचा स्वभावच आहे. पण मनातून त्यांना ना व्याजाशी देणंघेणं होतं ना फ्रिजशी. त्यांना फक्त ताईची सही असलेलं कर्ज आधी फेडायचं होतं, आणि ते मशीनचं की ऑपरेशनचं, हे कळायला मार्ग नव्हता. दोन्हींतलं एक निवडून चाळीस हजार ओतावे, तर चुकीच्या भोकात जायचे. दोन्हींत अर्धेअर्धे टाकावे, तर एकही मिटायचं नाही. तीस दिवसांतले किती उरले तेही कळत नव्हतं, कारण तारीख रद्दीत गेली होती.

रात्री जेवताना बायकोच्या लक्षात एक गोष्ट आली.

‘‘अहो, कर्जं चार ना? मग फोन तीनच कसे येतात?’’

मास्तरांनी बोटं मोजली. गोडबोली, दमवाला, खोकणारा. कार्ड, मशीन, फ्रिज. ऑपरेशनच्या पैशांचा फोन गेल्या कित्येक महिन्यांत आला नव्हता.

‘‘विसरले असतील,’’ मास्तर म्हणाले.

‘‘लोक देणं विसरतात. येणं विसरलेला मी तरी अजून पाहिला नाही.’’

ते खरं होतं आणि त्यामुळे मास्तर जास्तच गोंधळले. न ओरडणारं कर्ज हे चांगलं लक्षण की वाईट? रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर झाले. सकाळी त्यांनी गोडबोलीला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन वसुलीवाल्यांना फोन केला होता, त्यामुळे तीही क्षणभर गडबडली आणि जेवणाचं विचारायलाच विसरली.

‘‘खातं क्रमांक सांगा, काका.’’

‘‘तोच तर नाही. छाटला गेला.’’

‘‘काय झालं?’’

‘‘छाटला गेला. मशीनमध्ये.’’

‘‘काका, तुम्ही कागद घेऊन ऑफिसलाच या.’’

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मास्तर चाळीस हजार खिशात घालून आणि संकीर्ण खंड काखेत मारून चढले. आत लांबलचक टेबलं, प्रत्येक टेबलावर कानाला यंत्र लावलेली पोरंपोरी, आणि सगळेजण एकाच वेळी कुणा ना कुणाच्या काकांशी बोलत होते. मध्येच एका टेबलावरची पितळी घंटी वाजली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पैसे भरले होते म्हणे. तो जो कोण होता त्याचं अभिनंदन करावं की सांत्वन, हे मास्तरांना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या.

गोडबोली पंचविशीची निघाली. चष्मा, केस आवळून बांधलेले. तिने पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कण्यावरून बोट फिरवलं.

‘‘हे कुणी केलं?’’

‘‘मी.’’

‘‘किती सुंदर केलंय!’’ आणि मग पानं चाळताना तिचा चेहरा बदलला. ‘‘पण सगळं वरचं... काका, तुम्ही आमचे नंबर मुद्दाम कापले का?’’

‘‘मुद्दाम कशाला, समास सरळ करायला.’’

ती हसली नाही, हे तिचे उपकार. मास्तरांच्या ओळखपत्रावरून तिने संगणकात शोधलं. ‘‘तुमची आमच्याकडे दोन खाती आहेत. एक कार्डाचं. त्यासाठी मी फोन करते. दुसरं हॉस्पिटलच्या खर्चाचं, ते चालू आहे.’’

‘‘चालू म्हणजे?’’

‘‘म्हणजे व्यवस्थित. हप्ते येतायत. अठ्ठेचाळीस हजारांवर तडजोड झाली, दोन-दोन हजारांचे चोवीस हप्ते. दर महिन्याच्या एक तारखेला. दहा आले.’’

‘‘अहो पण मी तर एकही...’’

‘‘तुमच्याकडून नाही. जामीनदाराच्या घरून.’’ तिने सत्तावन्नावं पान पडद्यावरच्या नोंदीशी ताडून पाहिलं. ‘‘हे पत्र जवळजवळ वर्षभरापूर्वीचं आहे, काका. तुम्ही आत्ता वाचलंत?’’

मास्तरांना खुर्ची हवी होती, पण ते खुर्चीवरच बसले होते. आपण ज्या संकटाला अडवायला निघालो ते दहा महिन्यांपूर्वीच येऊन, ताईच्या घरी बसून, दर महिन्याला दोन हजार खाऊन जातंय. म्हणजे ताई भरतेय. घरखर्चातून, दाजींची नजर चुकवून. ताईने स्वतःसाठी कधी दोन हजारांची साडी घेतली नव्हती. मास्तरांना आपली इतकी लाज वाटली, की समोरची मुलगी काय बोलतेय ते त्यांना ऐकूच येईना. ती बहुधा कार्डाच्या थकबाकीवर आली होती.

तिथून ते घरी गेले नाहीत, थेट ताईच्या घराकडे निघाले. दाजी सकाळी पेपर वाचायला वाचनालयात जातात, ही वेळ त्यांना ठाऊक होती. ताईच्या पाया पडायचं, चाळीसच्या चाळीस हजार तिच्या हातात ठेवायचे आणि मग जे व्हायचं ते होवो, असं त्यांनी वाटेत ठरवलं. बेल वाजवली. दार दाजींनी उघडलं.

‘‘वाचनालय आज बंद आहे,’’ मास्तरांनी न विचारताच दाजी म्हणाले. ‘‘ती डोळे तपासायला गेलीये. तू कसा काय?’’

‘‘सहज. म्हटलं, काही बाइंडिंगला वगैरे आहे का विचारावं.’’

‘‘सात वर्षांनी?’’

मास्तर आत गेले. टेबलावर काटा होता, काट्यावर टोमॅटो होते. दाजींनी ते उतरवून ठेवले. ‘‘चाळीस ग्रॅम मारले लेकाने,’’ असं म्हणून त्यांनी मास्तरांच्या काखेतलं पुस्तक मागून घेतलं, कण्यावरचं नाव वाचलं आणि उघडलं. मास्तरांना ते परत मागायचं सुचलं नाही. दाजी एकेक पान उलटत गेले. सत्तावन्नाव्या पानावर थांबले. मग उठले, कपाटाच्या वरच्या खणातून एक कागद काढला आणि त्या पानाशेजारी ठेवला. तेच पत्र, तोच मजकूर. फक्त याच्यावर नाव, नंबर, तारीख सगळं जागच्या जागी होतं. खिशातली पोलादी पट्टी काढून दाजींनी दोन्हींतला फरक मोजला.

‘‘पाऊण इंच,’’ ते म्हणाले. ‘‘तिन्ही बाजूंनी. माप चोख आहे.’’

मास्तर उभे होते ते उभेच राहिले. ‘‘दाजी, म्हणजे तुम्हाला...’’

‘‘दहा महिन्यांपूर्वी एक पोरगा आला होता. ती बाजारात गेली होती म्हणून बरं. कागद पाहिला, सही पाहिली. सही तिचीच. मी एजन्सीत जाऊन आकडा खाली आणला आणि हप्ते बांधून घेतले.’’

‘‘ताईला?’’

‘‘तिला माहीत नाही की मला माहीत आहे. आणि ते तसंच राहू दे.’’ दाजींनी पट्टी पुसून खिशात ठेवली. ‘‘तीस वर्षांत तिने माझ्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट. सापडली म्हणून तोंडावर मारली, तर ती ह्या घरात मान वर करून फिरायची नाही. मला ह्याच घरात राहायचंय. तेव्हापासून आमटीत मीठ जास्त झालं तरी मी बोलत नाही. उगाच तिला वाटायचं, कळलंय म्हणून चिडतोय.’’

आमटीचं ऐकून मास्तरांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. त्यांनी खिशातली नोटांची पुडकी काढली. ‘‘दाजी, हे सगळे घ्या. चाळीस आहेत.’’

‘‘मी दिले वीस. वीस घेईन. बाकीचे तुझ्या बोंबलणाऱ्यांना घाल.’’ दाजींनी वीस हजार दोनदा मोजून घेतले. ‘‘करार माझ्या नावावर आहे, पुढचे हप्ते मीच भरणार. तू दर एक तारखेच्या सकाळी दोन हजार माझ्या हातात आणून द्यायचे. चौदा महिने. आणि एक लक्षात ठेव. मी फोन करत नाही म्हणून मला शेवटी ढकलू नकोस. आजवर तू तेवढंच केलंस.’’

हे मास्तरांना लागलं. खरं असल्यामुळे जास्तच लागलं.

एवढ्यात ताई आली, डोळ्यांत औषध घातल्यामुळे चाचपडतच. ‘‘कोण आहे? बाळ्या? तू!’’ आणि तिचा चेहरा पांढरा पडला. दाजी शांतपणे म्हणाले, ‘‘माझं जुनं नियमांचं पुस्तक खिळखिळं झालंय, ते बांधायला बोलावलं त्याला.’’ खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने इतकं सफाईदार खोटं बोललेलं मास्तरांनी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. निघताना ताईने त्यांना दारात गाठून कुजबुजत विचारलं, ‘‘ह्यांना काही कळलं नाही ना रे?’’

‘‘नाही गं,’’ मास्तर म्हणाले.

उरलेल्या विसांतले नऊ हजार खोकणाऱ्याला गेले. मास्तरांनी बायकोचं ऐकलं त्याला कारण एवढंच, की झेरॉक्सवाल्याचं ऐकलं तर राहायचं बायकोजवळ होतं. शेवटच्या फोनवर खोकणाऱ्याने त्यांचे आभार मानले आणि तब्येतीला जपा म्हणाला. अकरा हजार गोडबोलीच्या कार्डात. दमवाला अजून टेबल आपटतो. त्याला मास्तरांनी स्वच्छ सांगितलं की मशीनचा नंबर तिसरा, रांगेत उभे राहा. असं कुणाला सांगता येतं, हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. पण कोण किती आणि कधी संपणार, हे विचारलं तर आजही ते बोटं मोजता मोजता मध्येच हरवतात.

एक तारीख मात्र चुकत नाही. प्रत्येक खेपेला दाजींच्या घरी जायला निमित्त लागतं, म्हणून मास्तर मागच्या वेळचं पुस्तक बांधून नेतात, त्याच्या शेवटच्या पुठ्ठ्यात दोन हजार ठेवतात आणि नवं घेऊन येतात. तीन महिन्यांत दाजींच्या घरातलं बांधण्यासारखं सगळं संपलं. परवा तर त्यांनी शिलाई यंत्राच्या वापराची पुस्तिका काढून दिली. सोळा पानांची, तिला चामड्याचा कणा. दोघं समोरासमोर बसतात, चहा पितात, फारसं बोलत नाहीत. दाजी पुस्तकाच्या कडा पट्टीने मोजतात आणि ‘‘ठीक’’ म्हणतात.

त्या तिसऱ्या एक तारखेला मास्तर निघाले तेव्हा ताई दारापर्यंत सोबत आली. तिचा चेहरा फुलला होता.

‘‘बाळ्या, तुमचं दोघांचं किती जमायला लागलंय रे! मला तर खरंच वाटत नाही. मी काय म्हणते, आता सांगूनच टाकते ह्यांना, त्या सहीचं. मनावर दगड आहे रे माझ्या. आता नाही चिडायचे.’’

मास्तरांच्या डोक्यात सगळे कागद एकदम सुटे झाले. हिने सांगितलं तर दाजींना माहीत नसल्याचं सोंग आणावं लागणार, आणि ते त्यांना जमलं नाही तर? सांगू नको म्हणावं, तर हिच्या छातीवरचा दगड तसाच ठेवायचा का?

‘‘थांब गं थोडं,’’ ते घाईने म्हणाले. ‘‘अजून अकरा महिने थांब.’’

‘‘अकरा? अकराच का?’’

मास्तरांनी पाय चपलेत घातला, तो उलट्या चपलेत गेला. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने वळून आत पाहिलं. दाजी पाठमोरे बसून पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्यात बोटं घालून नोटा मोजत होते.

‘‘एक तारखेलाच का येतोस रे तू?’’ तिने हळू आवाजात विचारलं.

मास्तर खाली वाकून चपला सरळ करायला लागले. आतून दाजींचा आवाज आला, ‘‘गेला का गं तो?’’

‘‘हो, गेला,’’ ताई म्हणाली. तिने बाहेर पाऊल टाकलं, आपल्यामागे दार ओढून घेतलं आणि भावाचं मनगट धरलं.

‘‘आता सांग, बाळ्या. ह्यांनी किती भरले?’’